भंगार वितळवलं की फाउंड्री 'सर्क्युलर' झाली का?

शिरोलीकर: सेबीच्या बीआरएसआर (कंपनीची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालामुळे मोठ्या वाहन कंपन्या आता कोल्हापूरच्या फाउंड्र्यांकडे (ओतकामाच्या कारखान्यांकडे) कार्बनचा हिशोब मागतात. माझं मत स्पष्ट आहे. इंडक्शन फर्नेसवर (विजेच्या भट्टीवर) भंगार वितळवणारा धंदा मुळातच चक्रीय ('सर्क्युलर'), जुनंच पुन्हा वापरणारा. डिझेलचा स्कोप १ (स्वतः जाळलेलं इंधन), विजेचा स्कोप २ (विकत घेतलेली वीज) दिला की झालं. स्कोप ३चे (पुरवठादार ते गिऱ्हाईक, बाकी साखळीतल्या उत्सर्जनाचे) १५ प्रकार म्हणजे नुसते कागद रंगवणं.

लॅडल: आणि भंगारासोबत घालता ते पिग आयर्न (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड)? ते ब्लास्ट फर्नेसमधून येतं, टनामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड घेऊन. विजेशी ताडून बघा. टनभर धातूला ६०० युनिट, यील्ड (वितळवलेल्यातून हाती येणारं चांगलं कास्टिंग) ६० टक्के, म्हणजे टनभर चांगल्या कास्टिंगला १००० युनिट. ग्रिडचे युनिटला ०.७ किलो धरा, ७०० किलो झाले. त्याच टनात ३५० किलो पिग घातलंत तर तेवढाच बोजा स्कोप ३च्या प्रकार १मध्ये (विकत घेतलेला माल) पडतो. रनर-रायझर (कास्टिंगपासून तोडून पुन्हा भट्टीत जाणारे धातूचे तुकडे) 'रिसायकल्ड' म्हणून दाखवू नका, पर्यावरणविषयक दाव्यांचं मानक आयएसओ १४०२१ ते धरत नाही.

शिरोलीकर: मग पिग बंद, भंगार आणि कार्बन रेझर (धातूतला कार्बन वाढवणारी पूड) वाढवतो!

मेटलर्जी_कट्टा: बंद करून दाखवा! ४००/१५ ग्रेडच्या एसजी आयर्नला (ताण सोसणाऱ्या, लवचीक ओतीव लोखंडाला) मँगनीज ०.२ टक्क्यांच्या आसपास ठेवावं लागतं. मिसळीच्या भंगारातून ते चढलं की पर्लाइट (धातूची कडक रचना) वाढतं, इलाँगेशन (तुटण्याआधी ताणलं जाणं) पडतं, लॉट रिजेक्ट, आणि वितळवायला पुन्हा तीच वीज. गॅल्वनाइझ्ड पत्रा आला तर जस्ताचा धूर वेगळा, भट्टीच्या आतल्या लायनिंगची वाट वेगळी.

खरी गोम वाळूत आहे. साच्यांच्या रेझिनच्या वाळूचं थर्मल रिक्लमेशन (भाजून पुन्हा वापरायजोगी करणं) बसवलं की गॅस जळतो, स्कोप १ वाढतो. नवी वाळू आणि टाकाऊ वाळू घटते, पण ती स्कोप ३च्या प्रकार १ आणि ५मध्ये (५ म्हणजे कचरा). फक्त १ आणि २ दाखवणाऱ्याच्या कागदावर ही सुधारणा चक्क बिघाड दिसते. नुसतं मेकॅनिकल रिक्लमेशन (घासून साफ करणं) ताणलं तर एलओआय (वाळूत उरलेला जळाऊ अंश) वाढून कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूची पोकळी) येतात, ते आहेच.

शिरोलीकर: वाळूचं पटलं. पण भंगारवाल्याकडून कुठला आकडा आणू?

लॅडल: हिशोबाच्या कट-ऑफ पद्धतीत भंगारावर जुन्या पोलादाचा बोजा येत नाही. काट्याची पावती, ट्रकचे किलोमीटर आणि छाटणी-प्रक्रियेचा प्रमाणित गुणक, एवढं पुरतं. १, ३ (इंधन-विजेच्या मागचं उत्सर्जन), ४ (येणाऱ्या मालाची वाहतूक), ५ हे प्रकार भरा, बाकीचे वगळले तर कारण लिहा.

शिरोलीकर: प्रकार १० (विकलेल्या मालावर पुढे होणारी प्रक्रिया) मात्र नाही. मशिनिंग गिऱ्हाइकाच्या शॉपमध्ये, वीज त्याच्या बिलात, ती मी माझ्या नावावर का घेऊ?