दुरंगी ब्रिओश शाल: टाके वाढवल्यावर रंगांच्या पट्ट्या का बिघडतात?

प्रश्न
मी गोलाकार सुईवर दुरंगी ब्रिओशची (एकाआड एक टाका न विणता उचलून त्याच्यावर धाग्याचा वेढा घेण्याच्या विणीची) त्रिकोणी शाल विणत आहे. मुख्य लोकर गडद निळी आहे, दुसरी फिकट पिवळी. साधा भाग नीट विणला जातो, परंतु टाके वाढवले की लगेचच्या पिवळ्या ओळीत निळ्या पट्टीवर पिवळा टाका येतो आणि तिथून पुढचा सगळा क्रम बिघडतो. शिवाय मध्येच थांबल्यास आता काम पलटायचे की टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १
ब्रिओशमध्ये सुलट आणि उलट पट्ट्या आलटूनपालटून येत असल्यामुळे एकच टाका वाढवला तर दोन सारख्या पट्ट्या शेजारी येतात. म्हणून वाढ नेहमी दोन टाक्यांची करतात. निळा टाका त्याच्यावरच्या वेढ्यासह निळ्या धाग्याने सुलट विणावा, तो डाव्या सुईवरून न सोडता उजव्या सुईवर धागा घ्यावा आणि त्याच टाक्यात पुन्हा सुलट विणून मग तो सोडावा. अशा रीतीने एकाचे तीन टाके होतात. या तिघांपैकी एकावरही वेढा नसतो, आणि माझ्या मते आपली अडचण नेमकी इथेच आहे. पिवळ्या धाग्याने येताना पहिला व तिसरा टाका वेढा देऊन न विणता उचलावा, मधला मात्र एकटाच उलट विणावा, कारण नवी पिवळी पट्टी त्याच्यापासून सुरू होते. वेढा दिसत नाही म्हणून तोही उचलला, तर पिवळा धागा शेजारच्या निळ्या टाक्यावर जातो. टाके घटवतानाही तीनाचा एक करावा.

प्रतिसाद २
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धागेच देतात. दोन्ही धागे एकाच टोकाला असतील तर काम पलटावे. एकेका टोकाला एकेक असेल तर टाके सरकवावेत आणि मागे राहिलेल्या रंगाने तीच ओळ पूर्ण करावी.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. मधला टाका मी खरोखरच उचलत होते. आता तेवढाच भाग सोडवून दुरुस्त करता येईल का?

प्रतिसाद १
साध्या पट्टीतला सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर आणता येतो, परंतु वाढीच्या जागी त्या ओळीपर्यंत उसवणेच श्रेयस्कर. यापुढे प्रत्येक वाढीच्या ओळीआधी, दोन्ही धागे एका टोकाला आलेले असताना, सर्व टाक्यांतून आणि त्यांच्या वेढ्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून ठेवावा; उसवताना टाके त्या दोऱ्यावरच थांबतात.