यॉर्कला आई-बाबांना घेऊन गेस्टहाऊसमध्ये राहावं की सरळ हॉटेल?

हॅरोवाला भुसावळकर:
नमस्कार मंडळी. आई-बाबा सध्या आमच्याकडे लंडनच्या हॅरोला आलेत, गणपती यंदा इथेच बसवतोय, विसर्जन झालं की सप्टेंबरअखेर त्यांना तीन-चार दिवस यॉर्कला न्यायचं डोक्यात आहे. बाबा सेंट्रल रेल्वेतून रिटायर झालेत, सगळी नोकरी भुसावळच्या लोकोशेडमध्ये गेली त्यामुळे त्यांना तिथलं रेल्वे म्युझियम बघायचंच आहे आणि आईने यूट्यूबवर ते मोठं चर्च बघितलंय, यॉर्क मिन्स्टर, तिला तिथल्या रंगीत काचा बघायच्यात.
बायकोने बूथमच्या बाजूला एक गेस्टहाऊस शोधलंय, जुनं व्हिक्टोरियन घर, मालक-मालकीण तिथेच राहतात, फोटोत खोल्या फार सुंदर दिसतायत, फुलाफुलांचे पडदे वगैरे, आणि ब्रेकफास्ट धरून रेट शंभर पौंडांच्या आत-बाहेर. पण लिफ्ट नाही असं बारीक अक्षरात लिहिलंय. आईचे गुडघे दुखतात, आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही, त्यात संकष्टी करते. बाबा ऑम्लेट खातात बाकी काही नाही.
मी आजवर इथे ऑफिसच्या कामानिमित्त चेन हॉटेलातच राहिलोय, असल्या घरगुती ठिकाणी कधीच नाही. कोणी राहिलंय का? म्हाताऱ्या माणसांना जमतं का? आणि दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखं अवघडायला होतं का? खरं सांगा, चांगलं-वाईट दोन्ही.

लीड्सकर वहिनी:
जमतं की, पण बुक करायच्या आधी फोन करा. ईमेल नाही, फोनच. हाच तर फायदा आहे ना गेस्टहाऊसचा की जो माणूस फोन उचलतो तोच सकाळी तुमचा ब्रेकफास्ट बनवणार असतो, कॉल सेंटर मधे नसतं.
पहिला प्रश्न मजल्याचा. ही घरं म्हणजे अरुंद आणि उंच, एकाला एक चिकटून बांधलेली, जिना चढा आणि वळणाचा, आणि गंमत अशी की फोटोत जी सगळ्यात गोड खोली दिसते ना उतरत्या छपराची, ती हमखास सगळ्यात वर माळ्यावर असते. तळमजल्यावरची खोली बऱ्याच ठिकाणी एखादीच असते आणि ती लवकर जाते. तेव्हा "ग्राउंड फ्लोअर आहे का, नसेल तर किती पायऱ्या" एवढं स्पष्ट विचारा, आणि दाराबाहेर पण तीन-चार पायऱ्या असतात त्या पण विचारा, त्या कोणी मोजतच नाही.
दुसरं बाथरूम. "ऑन-स्वीट" लिहिलं असेल तर खोलीतच. "प्रायव्हेट बाथरूम" लिहिलं असेल तर ते तुमचंच असतं पण पॅसेजच्या पलीकडे असू शकतं, म्हणजे रात्री आईला गाऊनवर बाहेर यावं लागणार. आणि शॉवर टबमध्ये आहे की वेगळा हे विचाराच विचारा. टबची कड ओलांडून आत जायचं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना शिक्षा आहे.
बादली-मग काही मिळत नाही, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका आणि विषय संपवा.

हॅरोवाला भुसावळकर:
वहिनी खूप आभार, टबचं तर डोक्यातच आलं नव्हतं. हॅरोच्या घरी पण टबच आहे पण तिथे आम्ही स्टूल ठेवलंय.

स्पष्टवक्ता काका:
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. वय झालेल्या आईवडिलांना घेऊन फिरताना लिफ्ट, सपाट शॉवर आणि चोवीस तास रिसेप्शन या तीन गोष्टींसमोर फुलाफुलांच्या पडद्यांचं कौतुक नको. यॉर्कला स्टेशनजवळ आणि गावात प्रीमियर इनसारखी चेन हॉटेलं आहेत, खोली छोटी पण सगळं ठरल्यासारखं. गेस्टहाऊसमध्ये मालक अकरा ते तीन बाजारहाट करायला बाहेर गेलेला असतो, तुम्ही साडेबाराला बॅगा घेऊन दारात उभे, बेल वाजवताय, आत कुत्रं भुंकतंय. आमच्यावर हे झालंय, दुसऱ्या एका गावात, आणि तेही पावसात. बायको अजून ऐकवते.
शिवाय भिंती पातळ. शेजारचा खोकला की आपण उठून बसायचं.

लीड्सकर वहिनी:
काका, येण्याची वेळ आधी कळवली की तो प्रश्न राहत नाही हो. बरेच जण लवकर आलात तर बॅगा ठेवून घेतात, पण सांगावं लागतं. नाहीतर दाराशी नंबरवाली किल्लीची पेटी असते, त्याचा कोड मेसेज करतात. भिंतींचं मात्र खरंय, रस्त्याकडची खोली घेऊ नका, मागची मागा. आणि शनिवार टाळा. शनिवारी यॉर्कात बॅचलर पार्टीवाल्यांचे घोळके उतरतात, दुपारपासूनच टाइट, रात्री रस्त्यावर गाणी. रविवार ते बुधवार जा, शांत पण आणि स्वस्त पण. घोड्यांच्या रेसेस मे ते ऑक्टोबर असतात त्या तारखा पण बघून घ्या, रेसच्या दिवसांत रेट कुठल्या कुठे जातात आणि एका रात्रीसाठी कोणी खोलीच देत नाही.

जळगावचं केळं:
भाऊ भुसावळचे म्हणजे आपलेच शेजारी! मी शेफिल्डला असतो, यॉर्कला येणं-जाणं चालूच असतं. खाण्याचं मी सांगतो कारण त्यातच आपली माणसं फसतात.
सकाळी समोर येणार तो फुल इंग्लिश. अंडी, बेकन, सॉसेज, बीन्स, टोमॅटो, मशरूम, टोस्ट. त्यात एक काळी चकती दिसेल वड्यासारखी, आईंना आधीच सांगून ठेवा, ती ब्लॅक पुडिंग, डुकराच्या रक्ताची असते. आता शाकाहारी ब्रेकफास्ट बहुतेक ठिकाणी मेनूवर असतोच, व्हेज सॉसेज वगैरे, पण इथल्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं धरलेलं असतं, म्हणून "नो एग्ज" वेगळं सांगायचं. आणि तव्याचं विचारा. बेकन ज्या तव्यावर, त्याच तव्यावर मशरूम परततात, त्यांना त्यात काही वाटत नाही. आदल्या रात्री सांगितलं तर वेगळ्या पॅनमध्ये करून देतात, मला तरी कोणी नाही म्हटलेलं नाही. काही ठिकाणी रात्रीच एक चिठ्ठी देतात, त्यावर टिक करून ठेवायचं काय पाहिजे ते. बाबांच्या ऑम्लेटचं काही टेन्शनच नाही.
आता यॉर्कशायरची खास गोची. बाहेर फिरताना भूक लागली की आपण म्हणतो चला चिप्स खाऊ, बटाटाच तर आहे. इथे यॉर्कशायरमध्ये पुष्कळ फिश-अँड-चिप्सवाले अजून बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात, म्हणजे गाईची चरबी. त्यांना त्याचा अभिमान आहे, पाटीवर लिहितात. विचारल्याशिवाय एक चिप पण उचलू नका. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतंच आणि तेही कित्येकदा ड्रिपिंगमध्येच भाजलेलं. वूस्टर सॉसमध्ये छोटे मासे. दह्याच्या काही डब्यांत जिलेटिन, लेबल बघायचं.
संकष्टीला काय तर जॅकेट पोटॅटो, सालासकट भाजलेला मोठा बटाटा, नुसतं बटर आणि मीठ मागायचं, कुठल्याही कॅफेत मिळतो. वर फळं. आईंचं निभून जाईल.

हॅरोवाला भुसावळकर:
बाप रे ड्रिपिंगचं माहीत नव्हतं, दोन वर्षं इथे राहून! आई तर चिप्स आवडीने खाते. बरं खोलीत काही करता येतं का, म्हणजे तिचा सकाळचा आल्याचा चहा वगैरे? छोटी इंडक्शन शेगडी न्यावी असा तिचा प्लॅन आहे.

लीड्सकर वहिनी:
शेगडी अजिबात नको!! खोलीत स्वयंपाकाला परवानगी नसते आणि स्मोक अलार्म फार तिखट असतात, एका खोलीत वाजला की अख्खं घर रस्त्यावर. उदबत्ती पण नको, आईंना हे आठवणीने सांगा, सकाळच्या पूजेला निरांजनसुद्धा नको. आमच्या सासूबाईंनी लावली होती उदबत्ती, पायजम्यातले सात-आठ इंग्रज खाली फुटपाथवर उभे आणि ह्या आपल्या हात जोडून सगळ्यांना सॉरी म्हणतायत.
चहाला खोलीत किटली असते, ट्रेमध्ये टी-बॅग, साखर, दोन बिस्किटं आणि ती बोटाएवढी दुधाची डबी. त्या दुधाचा चहा आपल्या माणसांना आवडणार नाही, खाली ताजं दूध मागा, कपभर आनंदाने देतात. सुंठ-वेलची पूड आणि प्रीमिक्स चहा घरून न्या. किटलीत गार नळाचंच पाणी भरायचं, गरम नळाचं प्यायचं नसतं, जुन्या घरांत ते टाकीतून येतं. बेसिनला दोन वेगळे नळ असतील, एक बर्फ एक चटका, बेसिनमध्ये पाणी साठवून तोंड धुवायचं.
आणि हो, बाथरूममध्ये छताला दोऱ्या लोंबत असतात. एक लाइटची, एक बऱ्याचदा शॉवरची, ती ओढल्याशिवाय गरम पाणी येत नाही. लाल असेल तर ती मदतीची घंटा, ती ओढायची नाही. पहिल्या दिवशी आत जाऊन दाखवून द्या दोघांना.

पीएचडीग्रस्त:
मी डरहॅमला आहे, यॉर्कहून ट्रेनने पाऊण-एक तास, म्हणून थोडं विषयांतर. डरहॅमचा किल्ला हा आमच्या युनिव्हर्सिटीचं एक कॉलेज आहे, मुलं तिथे राहतात, आणि सुट्टीत रिकाम्या खोल्या ब्रेकफास्टसकट पर्यटकांना देतात, जुन्या ग्रेट हॉलमध्ये लांबच लांब टेबलांवर बसून खायचं. समोर कॅथेड्रल, १०९३ मध्ये बांधायला घेतलेलं. पण सप्टेंबरअखेर मुलं परत येतात आणि टेकडी आहे, जिने दगडी आहेत, गुडघ्यांना नकोच. एका दिवसात जाऊन या फक्त, कॅथेड्रल बघायला तिकीट नाही, स्वेच्छेने देणगी.
यॉर्कबद्दल: मिन्स्टर बघायला मोठ्यांना तिकीट आहे, पण प्रार्थनेला येणाऱ्याला नाही. संध्याकाळी इव्हनसाँग असतं, साडेपाचच्या सुमारास, रविवारी लवकर, वेबसाईटवर वेळ बघून घ्या. पाऊण तास गायनवृंद गातो, धर्म विचारत नाही कोणी, मागे बसलं तरी चालतं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, गुडघ्यांमुळे बसून राहिलं तरी कोणी बघत नाही. आईंना आवडेल असं वाटतं. पण काचा बघायला दिवसा तिकीट काढूनच जा. पूर्वेकडची मोठी खिडकी टेनिस कोर्टाएवढी आहे, जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ अशा तीन वर्षांत केली, वेळेत संपवली तर दहा पौंड जास्त असा करार होता आणि पठ्ठ्याने ते मिळवले. तिच्यावर बायबलातली सुरुवातीची आणि शेवटची गोष्ट आहे, जग निर्माण झालं ते आणि जग संपणार ते. दुर्बीण असेल तर न्या, वरची चित्रं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मधल्या टॉवरला २७५ पायऱ्या, तो आपला तुमच्यासाठी.

जळगावचं केळं:
बाबांसाठी रेल्वे म्युझियम स्टेशनच्या मागेच, प्रवेश फुकट, पण वेळ आधी ऑनलाइन बुक करून ठेवा. तिथे मॅलार्ड नावाचं इंजिन उभं आहे, १९३८ मध्ये ताशी १२६ मैल गेलेलं, म्हणजे २०० किलोमीटरच्या वर, वाफेवर! त्याच्यापुढे अजून कुठलं वाफेचं इंजिन गेलेलं नाही. जपानची जुनी बुलेट ट्रेन पण आहे, आत बसता येतं. तिथे म्हातारे व्हॉलंटियर असतात, बरेचसे रेल्वेतलेच रिटायर. बाबांनी "स्टीम, भुसावळ शेड" एवढं म्हटलं की तुमचा अर्धा दिवस गेला समजा, जेवणाची वेळ ठरवूच नका.
बूथमच्या गेस्टहाऊसला स्टेशनवरून जायचं तर नदीवर रेल्वेपुलाला लागून पादचारी पूल आहे, स्कारबरो ब्रिज, २०१९ मध्ये नवा केला, उतार आहे, चाकाची बॅग सहज जाते. फक्त जोरदार पाऊस झाला असेल तर ऊस नदीचं पाणी काठच्या रस्त्यावर येतं, मग टॅक्सी करा, जवळच आहे.
ट्रेन लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून दोन तासांच्या आसपास. आई-बाबा साठीच्या वर आहेत तर सीनियर रेलकार्ड काढा, तिकिटात एक तृतीयांश सूट, पासपोर्ट दाखवून स्टेशनवर मिळतं, इथले रहिवासी असायची अट नाही.

स्पष्टवक्ता काका:
सगळं वाचलं. तरी मी म्हणेन तळमजला मिळाला तरच गेस्टहाऊस, नाहीतर लिफ्टवालं हॉटेल. एवढ्यावर तरी आपलं एकमत व्हावं.

लीड्सकर वहिनी:
हो काका, एकदम मान्य.

हॅरोवाला भुसावळकर:
आत्ताच फोन केला. मालकीणबाई म्हणाल्या तळमजल्यावर एक डबल आहे मागच्या बागेकडची, शॉवर वेगळा, बाहेर दोन पायऱ्या. आमची खोली वरती दुसऱ्या मजल्यावर. रविवार ते बुधवार घेतलं. वेगळ्या पॅनचं विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं की कांदा-लसूण चालतो का, आधी एक जैन कुटुंब राहून गेलंय म्हणे! अवघडायचं वाटत होतं ते फोनवरच गेलं. काका, तुमची भीती लक्षात ठेवून येण्याची वेळ दुपारी चारची सांगितली आणि कुत्रं आहे का तेही विचारलं. मांजर आहे.
आता एकच राहिलं. आई विचारतेय की मालकीणबाईंना देऊन यायला काही न्यावं का, तिने डिंकाचे लाडू करायला घेतलेत.

लीड्सकर वहिनी:
न्या की. फक्त आत काजू-बदाम आहेत हे सांगून द्या, इथे लोकांना अॅलर्जी असते.