डॉक्टरांनी ‘घरी न्या, सेवा करा’ असे सांगितलेल्या माणसाजवळ बसून काय बोलावे?

प्रश्न – वसनाकाठ

माझे मामा 68 वर्षांचे आहेत. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात त्यांची शेती आहे आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, नोकरीनिमित्त मुंबईत असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे आणि तो यकृतात पसरल्याचे निदान झाले. किमोथेरपी त्यांना झेपली नाही, आणि मध्यंतरी डॉक्टरांनी मामेभावाला बाजूला घेऊन ‘आता घरी न्या, सेवा करा’ एवढेच सांगितले. आजाराचे नाव मामांच्या कानावर जाऊ द्यायचे नाही, असे घरच्यांनी ठरवले आहे. पोटात गाठ आहे आणि ती औषधाने विरघळेल, असे त्यांना सांगितलेले आहे.

मी पुण्याहून जमेल तसा जाऊन येतो. मागच्या खेपेला मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘ऊस तुटून गेला की वरच्या पट्टीचं तुम्ही दोघांनी बघा.’’ शेजारी बसलेल्या मावशी लगेच म्हणाल्या, ‘‘असं अभद्र बोलू नये दादा, तूच बघशील की.’’ त्यावर मामा काहीच बोलले नाहीत, आणि त्यानंतर निघेपर्यंत त्यांनी माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे शब्द काढला नाही. भेटायला येणारी मंडळी देवावर भरवसा ठेवायला सांगतात, कोणी कुठल्याशा वैद्याचा पत्ता देतात, कोणी तंबाखूची चौकशी करतात. मामांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. रात्री त्यांच्या पोटात आणि पाठीत इतके दुखते की ते उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसून राहतात.

अशा माणसाला धीर द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? खरे बोलल्याने ते खचतील का? आणि त्यांनी पुन्हा तसा विषय काढला, तर मी काय उत्तर द्यावे? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर 1 – रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि बरीच वर्षे घरी जाऊन कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करण्याचे काम करते. तुमच्या प्रश्नातले रात्रीच्या दुखण्याचे वाक्य मी आधी घेते, कारण मामांशी काय बोलावे हा प्रश्न त्या दुखण्याच्या नंतरचा आहे. रात्रभर पुढे वाकून बसलेल्या माणसाला कोणाचेही शब्द ऐकू येत नाहीत. स्वादुपिंडाचे दुखणे पाठीत जाते आणि उताणे झोपल्यावर वाढते, म्हणून ते तसे बसतात. त्यात त्यांची सहनशक्ती कमी पडते असे काही नाही. त्यांना बहुधा ‘दुखले तर घ्या’ अशा सूचनेवर गोळी दिलेली असेल. या आजारात तसे करून चालत नाही. गोळी घड्याळाच्या काट्यावर द्यावी लागते, दुखणे वर येण्याची वाट पाहायची नसते. साध्या गोळ्यांनी भागले नाही तर पुढच्या पायरीची, आणि तरीही राहिले तर मॉर्फिन, अशी वेदनाशामक औषधांची शिडी जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच घालून दिलेली आहे.

मॉर्फिनचे नाव काढले की घरातले लोक हादरतात. ते शेवटचे औषध आहे, त्याची सवय लागते, त्याने माणूस लवकर जातो, असे तीन समज मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते आणि तिन्ही चुकीचे आहेत. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत तोंडावाटे दिलेले मॉर्फिन घेऊन माणसे अंगणात येऊन बसलेली, नातवंडांशी पत्ते खेळलेली मी पाहिली आहेत. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. पहिले काही दिवस मळमळ होऊ शकते, आणि बद्धकोष्ठता तर हमखास होते, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सुरू करायचे असते. ते राहून गेले की पोट फुगते, रुग्ण बेजार होतो आणि घरचे मॉर्फिनच बंद करून टाकतात. पोटातल्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन हे दुखणे कमी करण्याची सोयही मोठ्या रुग्णालयांत असते, त्याबद्दल जरूर विचारा.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळत नाही. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे वेगवेगळ्या परवान्यांचे इतके जंजाळ झाले होते की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरीही ते कोठे मिळते हे विचारून घ्यावे लागते. जिथे उपचार झाले, तिथे ‘पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे का’, म्हणजे आजार बरा होत नसला तरी रुग्णाचे दुखणे आणि त्रास कमी करणारा विभाग आहे का, असे थेट विचारा. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे केंद्र 1997 पासून आहे आणि तिथे सेवेचे पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे शुश्रूषाघर आहे. ते 1986 साली सुरू झाले आणि देशातले अशा प्रकारचे पहिले. अनेक जिल्हा रुग्णालयांतही आता असा कक्ष असतो, साताऱ्यात चौकशी करून पाहा. ‘घरी न्या, सेवा करा’ असे म्हणून डॉक्टर मोकळे झाले, पण सेवा कशी करायची हे शिकवणारी माणसे या विभागांतच भेटतात.

आता बोलण्याविषयी. सिसिली साँडर्स या बाईंनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे असेच शुश्रूषाघर, उभे केले. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचे दुखणे शरीराचे, मनाचे, घरादाराच्या काळजीचे आणि देवाधर्माच्या प्रश्नांचे असे सगळे मिळून एक असते, ही मांडणी त्यांची. तुमच्या मामांनी जे वाक्य उच्चारले, ते मला याच जातीचे वाटते. त्यात मरणाचा उल्लेखही नाही. त्यांना वरच्या पट्टीची काळजी आहे आणि ती कोणाच्या तरी हाती सोपवायची आहे. मावशींनी प्रेमापोटी ते वाक्य अडवले, आणि आपल्याकडे ते असेच अडवले जाते. परंतु मामांच्या बाजूने पाहिले तर त्यांना एवढेच कळले की या घरात हा विषय काढायची सोय नाही. तेव्हा ते पुन्हा बोलले तर तुम्ही पट्टीबद्दलच विचारा. खोडवा ठेवायचा की नांगरून टाकायचे, पाण्याची पाळी कोणाबरोबर आहे, बांधाचा काही तंटा आहे का, सातबारावर कोणाकोणाची नावे आहेत, सोसायटीचे कर्ज किती राहिले आहे. विचारा आणि त्यांच्यादेखत वहीत लिहून घ्या.

त्यांना आजाराचे नाव कळलेले नाही, असे घरच्यांना वाटते. किमोथेरपीच्या खोलीत शेजारच्या खुर्च्यांवर कोण बसले होते आणि भिंतीवर कसले फलक होते, हे त्यांनी पाहिलेले आहे. माझ्या अनुभवात बहुतेक रुग्णांना कळलेले असते, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तेही न कळल्याचे दाखवतात. मग एकाच घरात सगळेजण एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत बसतात.

उत्तर 2 – निवृत्त गुरुजी

रात्रपाळीताईंचे बहुतेक लिहिणे पटले, तरी एका बाबतीत थोडे थांबावे असे मला वाटते. माझ्या थोरल्या बंधूंना एका तरुण डॉक्टरांनी तपासणीच्या टेबलावरच, अंगात सदरा नसताना, किती महिने उरले आहेत ते सांगून टाकले. डॉक्टर खोटे बोलले नव्हते. परंतु त्या दिवसापासून बंधूंनी अन्न जवळजवळ सोडले आणि ते कोणाच्या नजरेला नजर देईनासे झाले. खरे सांगणे ही आपली गरज आहे की त्यांची, हे आधी तपासले पाहिजे. काही माणसे जाणूनबुजून विचारत नाहीत. त्यांना ठाऊक असते, पण ते शब्दांत ऐकायचे नसते, आणि आयुष्यभर ज्यांनी आपले निर्णय स्वतः घेतले त्यांना एवढा अधिकार असलाच पाहिजे. हल्ली शहरातून शिकून आलेली मुले ‘त्यांना खरे सांगा’ असा आग्रह धरतात, तेव्हा मला मावशींच्या ‘अभद्र बोलू नये’ची थोडी कणव येते. भावाच्या मरणाची गोष्ट भावासमोर ऐकणे त्या माउलीच्या आवाक्याबाहेरचे असेल.

आणखी एक सांगतो. बंधू भजनी मंडळात पखवाज वाजवत असत. मंडळाचे लोक एकादशीला घरी येत, ओसरीवर बसून नेहमीसारखे भजन करत आणि प्रकृतीची एका अक्षराने चौकशी न करता, ‘‘येतो आबा’’ म्हणून निघून जात. आमच्या नातेवाइकांपैकी कोणाच्याही भेटीने त्यांना एवढे बरे वाटले नाही. शेवटी शेवटी त्यांना वाजवता येत नव्हते, पण पखवाजाला कणीक कोण लावतो आहे आणि ती जास्त झाली आहे, हे ते खाटेवरून सांगत.

उत्तर 3 – रात्रपाळी

गुरुजी, तुमच्या बंधूंना ज्या रीतीने सांगितले गेले तिचे समर्थन कोणीच करणार नाही, आणि न विचारण्याचा अधिकार मलाही मान्य आहे. म्हणूनच आम्ही आधी सांगत नाही, विचारतो. ‘‘डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं आहे?’’, ‘‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं आहे?’’ एवढे विचारायचे आणि गप्प बसायचे. ती शांतता फार लांबते. आपल्याला वाटते की आता काहीतरी बोललेच पाहिजे, पण बोलायचे नाही. ‘‘मला त्यातलं काही नको, पोराला विचारा’’ असे उत्तर आले, तर तेही स्पष्ट उत्तर आहे आणि विषय तिथे संपतो. ‘‘आता काही खरं नाही, असं वाटतंय’’ असे म्हणाले, तर ‘‘छे, छे’’ म्हणायचे नाही. ‘‘असं कशावरून वाटतं?’’ असे विचारायचे. ते जेवढे दार उघडतील तेवढेच आत जायचे.

आणि ‘मी यातून वाचणार नाही ना?’ असे त्यांनी सरळ विचारलेच, तर खोटे बोलू नये. ‘‘आजार मोठा आहे, मामा. तो बरा करता येत नाही, पण दुखणं कमी करता येतं आणि आम्ही कुठे जात नाही’’ इतके पुरते. मुदत मात्र सांगू नये, कारण ती कोणालाच अचूक ठाऊक नसते.

उत्तर 4 – सिद्धेश्वर पेठ

माझे यजमान याच आजाराने गेले. मी मामांबद्दल काही लिहीत नाही, मामींबद्दल लिहिते, कारण वरच्या कोणाच्याही लिहिण्यात त्या आलेल्या नाहीत.

आमच्याकडे येणारा प्रत्येकजण सफरचंदे आणि बिस्किटांचे पुडे घेऊन येत असे. यजमानांना पाण्याचा घोटही उतरत नव्हता, आणि ती सफरचंदे सुकताना पाहणे हेही एक काम होऊन बसले होते. आलेल्यांना चहा द्यायचा, सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची, वर ‘‘आधी कसं नाही कळलं?’’ याचे उत्तर द्यायचे. या प्रश्नात दोष आपल्यावर येतो, हे विचारणाऱ्याच्या ध्यानातही नसते. कोणी म्हणे, धीराने घ्या, तुम्हीच रडलात तर त्यांच्याकडे कोण पाहणार. त्यामुळे मी मोरी धुताना नळ सोडून रडत असे.

माझी धाकटी जाऊ मात्र वेगळी निघाली. तिला गोड बोलता येत नाही आणि आमचे कधी फारसे पटलेही नव्हते. ती शनिवारी रात्री येई आणि मला म्हणे, ‘‘तुम्ही माडीवर जाऊन झोपा, काही लागलं तर हाक मारते.’’ ती यजमानांच्या ओठांना ओला कापूस लावी, दर दोन तासांनी त्यांची कूस बदली आणि पाठीला पावडर लावी. औषधांच्या वेळा तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या होत्या. सकाळी मी उठेपर्यंत तिने चादरी भिजत घातलेल्या असत. ती नसती तर मी अंथरुणाला खिळले असते.

तेव्हा पुढच्या खेपेला गेलात की मामींना विचारू नका की काय मदत करू. त्या ‘काही नको’ म्हणतील, सगळ्याच म्हणतात. रात्र तुम्ही घ्या. मामांच्या मागे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असेल आणि चौदाव्या दिवशी कोणी नसेल, तेव्हाही फोन करा. पहिल्या सणाला आमच्याकडे कडू सण म्हणून माणसे येतात, तो रिवाज मला पूर्वी निरर्थक वाटत असे. पहिल्या दिवाळीला भावाने डबा आणून माझ्यासमोर बसून मला जेवायला लावले, तेव्हापासून वाटत नाही. फार एकटे वाटून रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले, तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मामेभावालाही देऊन ठेवा, तो मुंबईत एकटा आहे.

वसनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मामेभावाशी बोललो. मावशींसमोर हा विषय काढायचा नाही आणि मामांकडून तो निघाला तर अडवायचा नाही, यावर आमचे एकमत झाले आहे. त्याने रजा टाकली आहे; आता आठवड्याचे मधले दिवस तो आणि शनिवार-रविवारच्या रात्री मी, अशी विभागणी केली आहे. जिथे उपचार झाले त्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी आहे, हे आम्हाला विचारल्यावरच कळले. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. मामांना एवढ्या लांब नेणे अवघड आहे. फक्त कागद घेऊन गेलो तर चालते का, आणि डॉक्टरांना काय काय सांगावे लागेल?

रात्रपाळी

बऱ्याच ठिकाणी पहिल्या वेळी नातेवाईक कागद घेऊन आले तरी चालते, पण आधी फोन करून खात्री करून घ्या, कारण मॉर्फिन सुरू करण्यापूर्वी काही डॉक्टर रुग्णाला प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरतात आणि तो रास्त आहे. निदानाचे कागद, शेवटचे स्कॅन, रक्ताचे अहवाल, विशेषतः यकृताचे आणि मूत्रपिंडाचे, आणि मामांचे ओळखपत्र सोबत असू द्या. आजपासून शुक्रवारपर्यंत एक वही ठेवा. किती वाजता दुखले, कोठे दुखले, शून्य ते दहामध्ये मामा स्वतः किती आकडा सांगतात, कोणती गोळी दिली, किती वेळाने उतार पडला, रात्री किती झोप लागली आणि शौचाला कधी झाले, एवढे त्यात असावे. आकडा त्यांनाच विचारा, घरच्यांच्या अंदाजाने लिहू नका. डोळे किंवा लघवी पिवळी दिसत असेल, अंगाला खाज येत असेल, उलट्या होत असतील, तर तेही लिहा, कारण त्यांवर वेगळे उपाय असतात. आणि बाहेर पडण्याआधी डॉक्टरांकडून एक गोष्ट विचारून घ्या: रात्री दोन वाजता दुखणे अनावर झाले तर जास्तीची मात्रा किती द्यायची आणि फोन कोणाला करायचा. ते उत्तर औषधांच्या कागदावरच लिहून मागा.