मदत हवी आहे: नाइन्थ सर्किटच्या जजसाठी आलेल्या नावाला विरोध कळवायचाय. फोन कोणाला करू?

मंडळी, मी नेवाडात रीनोला राहते. दोन वर्षांपूर्वी इथल्या फेडरल कोर्टात उजवा हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली. कोर्ट म्हटलं की अजून तीच खोली डोळ्यांपुढे येते. आता, २०१९ मध्ये, त्याच्या वरच्या कोर्टात, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या अपील कोर्टात, नाइन्थ सर्किटमध्ये, आमच्या नेवाडाच्या जज जे बायबी यांची जागा रिकामी होतेय. तिथे अध्यक्षांकडून लॉरेन्स व्हॅनडाइक यांचं नाव आलंय, मंजुरी सिनेटने द्यायची. मला ते अजिबात पटलेलं नाही, आणि विरोध कुठे नोंदवायचा तेच कळत नाहीये.

हे वाचून कुणी म्हणेल, पक्षाचं राजकारण चाललंय. म्हणून आधीच सांगते, माणूस कुठल्या विचारांचा आहे यावर माझा आक्षेप नाही. बायबींनाही रिपब्लिकन अध्यक्षांनीच नेमलं होतं. पण ते लास वेगासला कायदा शिकवत होते, इथली वकील मंडळी त्यांना ओळखत होती. व्हॅनडाइक टेक्सासचे. मोंटाना राज्याचे सॉलिसिटर जनरल (कोर्टात राज्याची बाजू मांडणारे वरिष्ठ सरकारी वकील) होते, २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाची निवडणूक लढवून हरले. मग २०१५ मध्ये नेवाडाचे सॉलिसिटर जनरल झाले, आणि यंदा वॉशिंग्टनला न्याय खात्यात गेले. जजच्या खुर्चीत एक दिवसही बसलेले नाहीत.

त्यात २९ ऑक्टोबरचं अमेरिकन बार असोसिएशनचं, म्हणजे वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचं, पत्र. ६० जणांशी बोलून (त्यात ४३ वकील, १६ न्यायाधीश) त्यांनी ‘अपात्र’ असा शेरा दिलाय. उर्मट, आळशी, कोर्टाच्या रोजच्या कामकाजाचे नियम माहीत नाहीत, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितल्याचं त्यात आहे. दुसऱ्या दिवशी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे त्या पत्राबद्दल बोलताना व्हॅनडाइकना रडू कोसळलं. ते बघताना मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वय ४६ आणि नेमणूक तहहयात. सुप्रीम कोर्ट वर्षाला साठ-सत्तरच खटले ऐकतं, म्हणजे बहुतेकांसाठी नाइन्थ सर्किट हाच शेवटचा दरवाजा. इमिग्रेशनचं अपील फेटाळलं गेलं की आपली माणसं तिथेच जातात. आमच्या राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची, तिचे वादही तिथेच.

खरी अडचण पुढे आहे. माझ्या दोन्ही सिनेटर, कॅथरीन कॉर्टेझ मास्तो आणि जॅकी रोझन, आधीच विरोधात आहेत. सकाळी मुलांचे डबे भरता भरता दोघींच्या ऑफिसला फोन केला. फोनवरच्या मुलीने झिप कोड विचारला, आडनावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं आणि म्हणाली, “सिनेटर तुमच्याशी सहमत आहेत.” झालं, एका मिनिटात फोन संपला. मग लिंडसे ग्रॅहम यांच्या ऑफिसला लावला, समितीचे अध्यक्ष म्हणून. तिथेही पहिला प्रश्न झिप कोडचाच. नेवाडाचा म्हटल्यावर, “तुमच्या सिनेटरना कळवा.” आता मी काय करू? पत्र पाठवायचं तर कोणाच्या नावे? आणि सिनेटरचा विरोध असताना हे नाव पुढे जातंच कसं? ब्लू स्लिप म्हणून काहीतरी असतं ना?

प्रतिसाद १

ताई, ब्लू स्लिप आहे, पण सर्किट कोर्टापुरती आता तिची ताकद गेलीय. गृहराज्याच्या सिनेटरने ती निळी चिठ्ठी परत केली नाही तर नाव अडायचं. २०१७ मध्ये समितीचे तेव्हाचे अध्यक्ष चक ग्रासली यांनी सर्किटसाठी ती अट बंधनकारक नाही असं जाहीर केलं. या फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्याच्या एरिक मिलर यांची नेमणूक दोन्ही सिनेटरच्या चिठ्ठीशिवाय झाली, तीही नाइन्थ सर्किटवरच. शिवाय २०१३ पासून साधं बहुमत पुरतं. समितीत रिपब्लिकन १२ विरुद्ध १० आणि पूर्ण सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४७, हा हिशोब लक्षात घ्या.

तरी स्वतःच्या सिनेटरना केलेला फोन वाया जात नाही, मोजणी होते. लेखी पत्र द्या आणि ते समितीच्या कामकाजात नोंदवून घ्या असं स्पष्ट लिहा. एक पान पुरे. ग्रीन कार्डवाले नातेवाईकही कळवू शकतात, मतदार असायलाच हवं असं नाही. फोन तुमच्या दुपारी दोनच्या आत करा, वॉशिंग्टन तीन तास पुढे आहे.

प्रतिसाद २

थोडं वेगळं मत. पत्रात ‘बाहेरचा माणूस’ या मुद्द्यावर फार जोर देऊ नका. चार वर्षं ते नेवाडा राज्याची बाजू कोर्टात मांडत होते, समोरचा पहिलं तेच सांगेल. कायद्यानेही नेमणुकीच्या वेळी आणि पुढे पदावर असेपर्यंत त्या सर्किटमध्ये राहत असणं पुरतं. आणि बारच्या ज्या वकील बाईंनी चौकशी केली त्यांनी २०१४ मध्ये व्हॅनडाइक यांच्या प्रतिस्पर्ध्याला देणगी दिली होती, हेही निघालंय. त्यामुळे एकट्या त्या पत्रावर विसंबू नका. मोंटानात त्या निवडणुकीला उभं राहण्याच्या पात्रतेचाच खटला झाला होता. जिल्हा कोर्टाने अपात्र ठरवलं, तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. अर्धंच सांगितलंत तर पत्राची किंमत जाईल.

धागाकर्ती

देणगीचं मला माहीत नव्हतं, पत्रात तेही लिहिते. पण एक चौकशी करणारी बाई सोडली तरी १६ न्यायाधीश उरतातच ना? ‘बाहेरचा’ हा शब्द काढते. मी स्वतः पुण्याहून आलेली, कोणाला बाहेरचा म्हणायचा मला काय हक्क? त्याऐवजी असं लिहिते की नेवाडात पंचवीस-तीस वर्षं वकिली केलेली, इथल्या जजच्या खुर्चीत बसलेली माणसं असताना आमच्या सिनेटरचं ऐकून न घेता हे नाव आणलं गेलं. हे चालेल का?

आणि एक विनंती. तुमच्यापैकी कोणी मेन, अलास्का किंवा युटामध्ये असेल तर प्लीज फोन कराल? तिथले काही रिपब्लिकन सिनेटर कधीकधी पक्षाविरुद्ध मत देतात. कॅपिटलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. राज्याचं नाव सांगितलं की जोडून देतात.

प्रतिसाद ३

मी मेनमध्ये, पोर्टलंडला. आमच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांच्या इथल्या ऑफिसला उद्या फोन करते. तुमचं पत्र इथे टाका, त्यातलं योग्यतेबद्दलचं वाचून दाखवेन.

धागाकर्ती (१२ डिसेंबर २०१९)

काल मतदान झालं. ५१ विरुद्ध ४४, नेमणूक मंजूर. विरोधात गेलेल्या एकमेव रिपब्लिकन सुझन कॉलिन्स. पोर्टलंडच्या ताई, तुमच्या फोनमुळे असं झालं असं मी म्हणणार नाही, पण निकाल वाचताना तुमचीच आठवण झाली.

आता पुढचा प्रश्न. नेवाडाच्या फेडरल जिल्हा कोर्टात दोन जागा रिकाम्या आहेत आणि जिल्हा कोर्टासाठी ब्लू स्लिप अजून मानतात. तिथे नावं सुचवण्याआधी सिनेटरची ऑफिसं लोकांचं म्हणणं ऐकतात का? कोणी आपल्या राज्यात असं काही केलं असेल तर कसं केलं ते लिहा. पत्राचा मसुदा तयारच आहे, फक्त वरचं नाव बदलायचंय.