ग्रुपवर जाहिराती घ्याव्यात का? बडोद्याच्या अकोटा भागातील आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर चाललेली चर्चा

सचिव, अ-१०१: सर्व सभासदांना नमस्कार. एका जाहिरात एजन्सीचा असा प्रस्ताव आला आहे की, या ग्रुपवर रोज तीन जाहिराती टाकू दिल्या, तर दरमहा ४,००० रुपये सोसायटीच्या खात्यात जमा होतील. लिफ्टच्या देखभालीला त्याचा हातभार लागेल. रविवारच्या सभेला सगळ्यांनाच येता येत नाही, म्हणून आपापली मते कृपया येथे सविस्तर लिहावीत.

ब-२०३: माझी संमती आहे. मेंटेनन्स दरवर्षी वाढतो आणि निवृत्त मंडळींना तो जड जातो. तीन जाहिरातींनी कोणाचे काही बिघडणार नाही.

क-४०२: सचिवकाका, माझा विरोध आहे, आणि मुद्दा लिफ्टपुरता नसल्यामुळे जरा विस्ताराने लिहिते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा आपल्या तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते, वीज गेली होती आणि मोबाइल गाडीच्या बॅटरीवर आळीपाळीने चार्ज करावे लागत होते. त्या दिवसांत येथे आलेला प्रत्येक संदेश आपण वाचला, कारण या ग्रुपवर कोणी लिहिले म्हणजे ते कामाचेच असणार, हा भरवसा आपल्याला आधीपासून होता. ड विंगमधल्या आजींचे इन्सुलिन फ्रिजविना कसे टिकवायचे, असे विचारल्यावर दहा मिनिटांत कोणी पाण्याच्या माठात, डबा कोरडा राहील अशा बेताने ठेवण्याची युक्ती सांगितली आणि कोणी माठ घेऊन जिना चढले. मागच्या भिंतीपाशी मगर दिसल्याचे कळले, तेव्हा दूध आणायला पाण्यात उतरणारी दोन मुले पायरीवरूनच मागे फिरली.

याच्या उलट अनुभवही मी घेतला आहे. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला, तेव्हा आम्ही दुसऱ्या सोसायटीत राहत होतो. तिथल्या ग्रुपवर साड्यांचे सेल, क्लासेस आणि फ्लॅटच्या योजना यांचा इतका मारा असे की मी त्याचा आवाज कायमचा बंद करून टाकला होता. गाड्या उंचावर हलवा, हा संदेश दुपारीच येऊन गेला होता. मी तो रात्री पाहिला, तोवर गाडीत पाणी शिरले होते. तीन जाहिराती वाचायला अर्धा मिनिट लागतो हे खरे, पण त्यांच्यामुळे माणसे ग्रुप उघडणे सोडतात. आपल्या ४८ घरांत ४,००० रुपये वाटले, तर घरामागे महिन्याला जेमतेम ८३ रुपये येतात. एवढ्यासाठी तो भरवसा विकू नये, असे मला मनापासून वाटते.

ब-२०३: ताई, पुराचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तरीही एक शंका आहे. हे ॲपही एका नफा कमावणाऱ्या कंपनीचेच आहे. मग आपण तेवढे शुद्ध राहण्याचा आग्रह कितपत व्यवहार्य आहे?

ड-५०४: काका, शंका योग्य आहे. फेसबुकने हे ॲप २०१४ मध्ये विकत घेतले, ते अर्थातच धर्मादाय म्हणून नव्हे. पण नफ्याशिवाय इंटरनेट चालतच नाही, असे मात्र नाही. वर्ल्ड वाइड वेबचा पाया असलेली प्रणाली सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी कोणतेही शुल्क न घेता सर्वांसाठी खुली केली. विकिपीडिया २००१ पासून आणि मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवकांच्या लिखाणावर चालतो आणि त्याचा खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो. तेथे जाहिरात नसते. सिग्नल हे ॲपसुद्धा ना-नफा संस्था चालवते. आपण तिकडे जायचे का, हे पुढे ठरवू. येथील ज्येष्ठांनी हे ॲप मोठ्या कष्टाने शिकून घेतले आहे, त्यांना घाईने हलवू नये.

अ-३०४ (आजोबा): चिरंजीव ड-५०४ यांनी लिहिले ते वाचून समाधान वाटले. बडोद्याला ही कल्पना नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगावी जात. ज्ञान लोकांच्या दारी न्यायचे आणि त्यावर दुकान मांडायचे नाही, ही रीत या शहराने अनुभवली आहे.

मला आणखी एक विनंती करायची आहे. सकाळी सहापासून सुप्रभातच्या चित्रांचा जो ओघ सुरू होतो, तो थांबावा. उत्तर लगेच आले नाही, म्हणून कोणी कोणावर रागावू नये. आम्ही आंतरदेशीय पत्राच्या उत्तराची आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे आणि त्या काळात नाती तुटली नाहीत. रात्री नऊ ते सकाळी सात या वेळात केवळ आजार, पाणी, आग अशाच अडचणी लिहाव्यात आणि बाकी बोलणे संध्याकाळी बाकावर बसून व्हावे. तिथे एकाच वाक्याला जो वेळ मिळतो, तो पडद्यावर मिळत नाही.

क-४०२: आजोबा, पूर्ण सहमत. मी एक भर घालते. घरोघरी वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तूंची यादी करून ती येथे वर पिन करावी. शिडी, ड्रिल मशीन, वॉकर, व्हीलचेअर, मोठी पातेली, मोदकाचे साचे यांसाठी प्रत्येकाने बाजार गाठण्याची गरज उरणार नाही. भाडे घ्यायचे नाही. वस्तू मोडली, तर दुरुस्ती करून द्यायची.

ब-२०३: माझी संमती मी मागे घेतो. लिफ्टसाठी महिन्याला १०० रुपये जास्त द्यायला मी तयार आहे. ज्यांना ते शक्य नसेल, त्यांच्या एक-दोन घरांचेही देईन, मात्र त्यांची नावे येथे येऊ नयेत, सचिवांनाच ठाऊक असावीत.

सचिव, अ-१०१: सर्वांची मते नोंदली आहेत. जाहिरातींना नकार, रात्रीची वेळमर्यादा आणि वस्तूंची यादी हे तीन विषय रविवारी मतदानासाठी ठेवतो. यादी कोणी लिहून काढेल का?

ड-५०४: मी लिहितो.

ब-१०२: आमच्या सासूबाईंचा वॉकर आता वापरात नाही. यादीत तो पहिला लिहावा. वॉचमनच्या खोलीत आजच ठेवते.