पणजोबांच्या खिशातल्या चांदीच्या घड्याळाची किंमत कशी ठरवावी?

नमस्कार. वडिलांच्या पश्चात आम्हा तीन भावंडांच्या वाटणीत एकच वस्तू अडली आहे, ती म्हणजे पणजोबांचे किल्लीने चावी द्यायचे चांदीचे घड्याळ. ते थोरल्या भावाकडे राहावे आणि त्याने ताईला व मला त्यापोटी रक्कम द्यावी, इथवर एकमत आहे. आकडा मात्र ठरत नाही, कारण लक्ष्मी रस्त्यावरील सराफ फक्त मोडीचा भाव सांगतात आणि जुन्या बाजारात ज्यांना दाखवले त्यांनी ते न उघडताच 'लाखात जाईल' असे सांगून टाकले. (त्यांना ते विकत घ्यायचे नव्हते, हेही नमूद करतो.)

मागच्या झाकणाच्या आतल्या अंगाला 0.935 हा आकडा (म्हणजे हजारात 935 भाग शुद्ध चांदी) आणि तीन अस्वलांचा छाप आहे. हा स्विस छाप ब्रिटनच्या 1887 च्या व्यापारचिन्हविषयक कायद्यानंतरचा असल्याने घड्याळ त्याआधीचे असू शकत नाही, आणि 'पेशवाईतले घड्याळ' ही घरातली आख्यायिका निकालात निघाली. यंत्रावरच्या दुसऱ्या झाकणावर फ्रेंचमध्ये 'सिलिंडर, दहा माणके' असे कोरले आहे (सिलिंडर हा यंत्राची गती आवरणाऱ्या भागाचा एक प्रकार), परंतु त्याच्याच कडेला 'मेटल' असा बारीक शिक्का आहे, म्हणजे ते झाकण चांदीचे नाही. सराफांनी ते चांदीतच धरले होते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिरांनी यंत्र, काच आणि ते झाकण काढून वजन केले, तेव्हा 48 ग्रॅम भरले. त्यात शुद्ध चांदी सुमारे 45 ग्रॅम. याहून खाली किंमत जाणार नाही, एवढे नक्की.

त्यावर किती धरावे, हा माझा प्रश्न आहे. सिलिंडर जातीची यंत्रे 19 व्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये प्रचंड संख्येने बनली आणि लिव्हर या दुसऱ्या जातीच्या यंत्रांपेक्षा ती कमी अचूक व स्वस्त असत, म्हणून लाखाची गोष्ट मला पटत नाही. घड्याळावर कंपनीचे नाव कुठेही नाही, मिन्याच्या तबकडीला सहाच्या आकड्याजवळ केसाएवढी चीर आहे, सेकंदकाटा गायब आहे आणि चावी दिल्यावर ते दहा मिनिटे चालून थांबते.

अशा अवस्थेतल्या घड्याळाचा प्रत्यक्ष व्यवहार कोणी केला असल्यास तो कितीला झाला, हे कृपया कळवावे. पुण्यात लेखी मूल्यांकन करून देणारे जाणकार आहेत का? आणि ताईला ते सराफाकडून उजळून घ्यायचे आहे. झिजून छाप पुसट होतील या भीतीने मी तिला थांबवले आहे, ते योग्य केले ना?