साडेचारच्या अलीकडे की पलीकडे?
कोणीतरी लिहिलंय की √२०, म्हणजे २० चं वर्गमूळ, काढायचं तर ४ आणि ५ चे वर्ग १६ आणि २५, त्यांच्यामधलं अंतर ९, २० हे १६ च्या ४ पुढे, म्हणून ४ पूर्णांक ४/९ म्हणजे ४.४४, आठवीच्या पोट्ट्यांना एवढं पुरे. सुरुवातीला पद्धत चांगलीच आहे, मीही तीच शिकवते, पण हे उत्तर दर वेळी थोडं कमीच येतं (खरं ४.४७ च्या आसपास) आणि का ते मुलांना कळलंच पाहिजे. ४ ते ४.५ मध्ये वर्ग ४.२५ ने वाढतो, ४.५ ते ५ मध्ये ४.७५ ने, सारखा वाढतच नाही ना. म्हणून मी आधी अर्ध्यापाशी थांबवते. ४.५ चा वर्ग म्हणजे ४ गुणिले ५ आणि वर ०.२५, झाले २०.२५, म्हणजे √२० साडेचारच्या किंचित अलीकडे. पूर्ण तोंडी!

आमच्या नागपुरात १५०० स्क्वेअर फुटाचा, ३० बाय ५० चा प्लॉट पोरांच्या ओळखीचा, तर मी विचारते की तेवढीच जागा चौरस असती तर बाजू किती? ३८ चा वर्ग १४४४, ३९ चा १५२१. एका मुलीने फळ्यावर ३८ गुणिले ३९ केलं, १४८२ आले, आणि लगेच म्हणाली, "मॅडम, साडेअडतीसच्या पुढे आहे." मग ३८.७ धरून १५०० ला भागलं, ३८.७६ आले, दोन्हींची सरासरी ३८.७३. एक आकडा खाली, एक वर, खरं मूळ मधे अडकलेलं, हे त्यांना दिसतं. कॅल्क्युलेटर मी त्यानंतरच काढू देते.